टोचलेल्या घोड्यांचा रस्ता

डोंबिवली स्टेशनवरून गावात जाणाऱ्या रस्त्यावर टांग्यांचे घोडे लीद टाकतात, ही गोष्ट १९५४ सालापर्यंत कोणाच्याही ध्यानात आलेली नव्हती. ती रोज दिसत होती, एवढेच. त्या वर्षी मार्गशीर्षात ठाकुर्लीच्या बाजूला राहणारे एक गृहस्थ पायात खिळा जाऊन धनुर्वाताने वारले. या रोगाचे जंतू घोड्याच्या लिदीत असतात, असे कोणा डॉक्टरांनी त्यांच्या नातेवाइकांना सांगितल्याचे गावात कळले. दुसऱ्या दिवसापासून लीद सर्वांच्या ध्यानात येऊ लागली.

रहिवासी हितवर्धक संघाने तातडीची सभा बोलावली. अध्यक्ष त्र्यंबकराव हे मुंबईच्या एका मोठ्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणत्याही संकटावर त्यांच्याकडे ठराव तयार असे. त्यांनी तो वाचून दाखवला : स्टेशनरस्त्यावरील समस्त टांग्यांचे घोडे धनुर्वाताविरुद्ध टोचून घेण्यात यावेत, जेणेकरून नागरिकांस त्या रोगाचे भय उरणार नाही.

ठराव उत्तम होता. त्यात फक्त शास्त्र कमी पडत होते. म्हणून हेमाताईंना बोलावणे गेले.

हेमाताई जंतुशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्या होत्या. लग्नापूर्वी त्या मुंबईच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापाशी बसत. लग्नानंतर त्यांचे जंतुशास्त्र दह्याच्या विरजणापुरते उरले होते. त्यांचे दही डोंबिवलीत कोणापेक्षाही घट्ट लागत असे. पण त्याचे श्रेय लोक भांड्याला देत. अशा बाईला भर सभेत ‘आपल्या गावच्या शास्त्रज्ञ’ म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवण्यात आले, तेव्हा त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे ज्यांना कधी पुढच्या खुर्चीवर बसवले गेले आहे त्यांनाच कळेल.

“हेमावहिनी,” त्र्यंबकरावांनी विचारले, “ही लस चांगली का?”

“हो, फार चांगली,” हेमाताई म्हणाल्या. “घोड्यांना धनुर्वात लवकर होतो. नाल ठोकताना खिळा आत गेला तरी पुरे. लस दिली तर घोडा वाचतो. पण—”

“ऐकलंत ना? प्रभाकरपंत, लिहून घ्या.”

कार्यवाह प्रभाकरपंतांनी लिहून घेतले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते आणि मोती हळूहळूच ओवले जात. ते ‘वाचतो’पर्यंत पोहोचले तेव्हा हेमाताईंचे पुढचे वाक्य बोलून झाले होते. ते वाक्य असे होते : ‘पण लस घोड्याच्या रक्तात काम करते, आतड्यातल्या जंतूंना तिचा पत्ताही नसतो. टोचलेल्या घोड्याची लीद न टोचलेल्या घोड्याच्या लिदीइतकीच धोक्याची.’

“ते आयत्या वेळच्या विषयांत घेऊ,” त्र्यंबकराव म्हणाले.

आयत्या वेळच्या विषयांच्या आधी चहा आला. चहाबरोबर, संघाने अश्वआरोग्य उपसमिती स्थापली असून सौ. हेमाताई तिच्या शास्त्रज्ञ सभासद आहेत, अशी घोषणा आली. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजत असताना लिदीबद्दल बोलणे हेमाताईंना प्रशस्त वाटले नाही.

घरी त्यांचे यजमान गुरुदत्त यांनी सर्व ऐकून घेतले.

“अगं, म्हणजे घोडे टोचून आपल्याला काहीच फायदा नाही?”

“घोड्यांना आहे ना. खरा फायदा आहे.”

“मग हे सभेत सांगितलंस?”

“सांगितलं. जरा हळू सांगितलं.”

टांगेवाल्यांना राजी करण्याचे काम शास्त्रज्ञ सभासदांकडे आले. स्टेशनसमोरच्या अड्ड्यावर हेमाताई गेल्या तेव्हा टांगेवाल्यांनी आपापल्या अडचणी मांडल्या. एक म्हणाला, लग्नसराई आहे. दुसरा म्हणाला, टोचल्यावर मान सुजते, मग जोत कुठे घालायचे? तिसऱ्याने उद्या अमावस्या असल्याचे निदर्शनास आणले. भिवा म्हणून एक आगरी टांगेवाला होता. बापाने मिठागरात जन्म घालवला, म्हणून याने हट्टाने टांगा घेतला होता. तो घोडीच्या आयाळीतून हात फिरवत म्हणाला,

“बाय, माजी चंपी खाते, पिते, लाथ पन मारते. जी आजारी नाय, तिला औषद कनाला?”

या सर्व अडचणी अज्ञानमूलक आहेत, असा शेरा उपसमितीने आधीच मारून ठेवला होता. हेमाताईंनी मात्र शेरा वाचून दाखवला नाही. त्यांनी विचारले, “भिवा, याच्या आधी कुठला घोडा होता तुझा?”

भिवाचा हात थांबला. “राजा व्हता.”

“काय झालं त्याला?”

“खुरात खिला गेलता. मंग दातखिलीच बसली. शेपूट वर, चारी पाय लाकराचं, कान ताठ. पानी समोर ठेवलेलं, तोंड उघरंना. आवाज झाला का सगला आंग थरथरं. आमी तीन दिस टांग्याच्या घंटेला फरका बांधून ठेवला.”

“तोच हा रोग. चंपीला तो होऊ नये म्हणून ही सुई. मात्र एक सुई पुरत नाही. महिन्याने दुसरी द्यावी लागते. एकच टोचून सोडून दिलं, तर अर्धं संरक्षण मिळतं असं समजू नकोस. काही मिळालं नाही असंच समज.”

भिवाने विचार केला आणि चंपीची मान पुढे केली. हेमाताईंनी त्या सबंध प्रकरणात खणखणीत आवाजात सांगितलेले पहिले शास्त्रीय सत्य ते हेच, आणि ते घोड्याच्या फायद्याचे होते.

बाकीच्यांसाठी त्र्यंबकरावांनी ठराव केला : टोचलेल्या घोड्याच्या गळ्यात निळा पत्र्याचा बिल्ला राहील, आणि बिल्ल्यावाचूनच्या टांग्यात संघाचा कोणताही सभासद बसणार नाही. टांग्यात बसणारे बहुतेक सगळेच सभासद असल्यामुळे अमावस्या आपोआप टळली. कल्याणचे गुरांचे डॉक्टर विश्राम यांना आणवण्यात आले. त्यांनी झाडाखाली घोडे टोचले, हात धुतले आणि जाताना हेमाताईंना म्हणाले,

“बाई, घोड्यांचं झालं. तुम्ही आता घोड्यांत वावरणार. माणसांसाठीही ही लस असते, मुंबईहून मागवता येते. घ्या टोचून.”

“हो, घ्यायचीच आहे,” हेमाताई म्हणाल्या. “एवढी संक्रांत होऊ द्या. तिळाच्या वड्या थापायच्या, दंड दुखून चालायचं नाही.”

घोड्यांच्या मानांवर खरोखरच सूज आली. दोन दिवस टांगे बंद राहिले आणि संघाचे सभासद लिदीतून वाट काढत स्टेशनावर चालत गेले. परंतु ते निर्धास्तपणे चालत गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. आता घोडे टोचलेले होते.

इथपर्यंत फारसे बिघडले नव्हते. घोड्यांचे तर निश्चितच भले झाले होते. पण एक चांगले काम पुरे झाले की त्यातून काय काय काटकसर करता येईल, हे पाहणे संघाचे कर्तव्यच होते. स्टेशनरस्ता झाडायला संघाने सखुबाई ठेवली होती. ती सकाळ-संध्याकाळ टोपली घेऊन फिरे आणि लीद उचलून दूर खाचरात टाके. त्र्यंबकरावांनी प्रश्न विचारला : लीद टोचलेल्या घोड्यांची, म्हणजे निर्धोक, मग निर्धोक वस्तू उचलण्यावर सार्वजनिक शक्ती का खर्च व्हावी?

“निर्धोक नाही ती,” हेमाताई म्हणाल्या.

“पण बिल्ला आहे ना?”

“बिल्ला घोड्याला आहे.”

“मग लीद काय दुसऱ्याची आहे?” त्र्यंबकरावांनी सौम्यपणे विचारले. सभा हसली. हेमाताईंनाही, का कोण जाणे, थोडे हसू आले. तर्क शुद्ध होता. फक्त खोटा होता.

सखुबाईला मात्र काढून टाकले नाही, संघ दयाळू होता. तिला नवे काम देण्यात आले : कल्याणहून वऱ्हाड घेऊन येणाऱ्या, बिल्ला नसलेल्या घोड्यांची लीद तेवढी वेगळी ओळखून उचलणे. यासाठी प्रत्येक घोड्यामागे उभे राहून पाहणे ओघानेच आले. सखुबाई दिवसभर हात कमरेवर ठेवून घोड्यांच्या शेपट्यांकडे बघत उभी राहू लागली.

“ताई, पूर्वी समदं उचलायची तवा कुनी बघत नव्हतं,” ती हेमाताईंना म्हणाली. “आता कायबी उचलत न्हाई, तर समदे इचारतात, सखुबाई, ही कोनाची? मान वाढलाय माजा.”

मान सर्वांचाच वाढला होता. निळ्या बिल्ल्याची लीद बागेला विशेष मानवते, असा बोध कोणाला तरी झाला. प्रभाकरपंतांनी ती स्वतःच्या हातांनी गोळा करून गुलाबांना घातली. उलट कल्याणच्या एका नवरदेवाचा घोडा फाटकाशी अडवून त्याच्या शेपटीखाली पोते बांधण्यात आले. नवरदेव रागावला, तेव्हा त्याला शास्त्र समजावून सांगण्यात आले. एका सभेत हेमाताईंनी धीर करून सांगितले की असे जंतू शेणातही सापडतात. त्यावर सभागृहात एवढी शांतता पसरली की बाहेरच्या गाईचे रवंथ ऐकू आले. गोमातेचा विषय उपसमितीच्या कक्षेबाहेरचा असल्याचे नोंदवून सभा तहकूब करण्यात आली.

आणि मग पाटी लागली. टांग्यांच्या अड्ड्यापाशी, एका बांबूवर, निळ्या रंगात : ‘या रस्त्यावरील घोडे टोचलेले आहेत. नागरिकांनी निर्धास्त चालावे. शास्त्रीय खात्री : सौ. हेमा, बी. ए.’

ही पाटी पाहताच हेमाताई तडक रंगाऱ्याकडे गेल्या. असले धडधडीत खोटे त्यांना खपणे शक्यच नव्हते. त्यांनी आपल्यासमोर रंगाऱ्याकडून ते पुसून घेतले आणि ‘बी. ए.’च्या जागी ‘बी.एस्सी.’ करवून घेतले. ‘निर्धास्त चालावे’ हेही बदलायचे होते, पण रंग ओला होता आणि आपले नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत त्या प्रथमच पाहत होत्या. शिवाय त्या ‘पण’साठी पाटीवर जागाही नव्हती.

विश्राम डॉक्टर दुसऱ्या सुईसाठी आले, तेव्हा सर्व टांगे हजर होते. भिवा सर्वांत पुढे उभा होता. मधल्या काळात नाल ठोकताना चंपीच्या खुरात खिळा गेला होता. भिवाने घाबरून तिच्या गळ्यातली घंटासुद्धा काढून ठेवली होती. विश्राम डॉक्टरांनी जखम धुऊन दिली होती, आणि चंपी चार दिवस लंगडून पुन्हा लाथा मारू लागली होती. लशीने वाचली की जखम धुतल्याने, हे सांगता येणार नाही, असे हेमाताई काटेकोरपणे म्हणाल्या. त्याच काटेकोरपणाचा काही अंश पाटीच्या वाट्याला आला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“तुमचं काय झालं, बाई?” विश्राम डॉक्टरांनी विचारले.

“एवढी होळी होऊ द्या.”

होळीच्या आधल्या दिवशी मागे सरकणाऱ्या एका टांग्याचे चाक बांबूला लागले आणि पाटी आडवी झाली. ती लिदीच्या ढिगात अशी पडली की ‘निर्धास्त’ तेवढे वर दिसत होते. बातमी कळताच हेमाताई धावल्या. आपले नाव लिदीत पडलेले कोणत्या शास्त्रज्ञाला आवडेल? त्यांनी पदर खोचला, ढिगात पाय टाकला आणि पाटी उचलायला वाकल्या. पाटी बांबूला ज्या खिळ्याने ठोकली होती, तो चांगला लांब आणि गंजलेला खिळा त्यांच्या चपलेतून वर आला.

सगळा अड्डा ओरडत धावला. हेमाताई स्वतः ओरडल्या नाहीत. त्या आपल्या पायाकडे पाहत राहिल्या. गंज, लीद, खोल जखम, हवा नाही : परीक्षेत या जंतूला वाढायला काय काय लागते, असा प्रश्न आला होता, आणि त्यांनी तेव्हा हेच उत्तर क्रमाने लिहिले होते. त्यांना पूर्ण गुण मिळाले होते.

“बाय, बसा!” भिवाने त्यांना जवळजवळ उचलून टांग्यात घातले. एका हाताने चंपीचा लगाम धरून तो गावातल्या माणसांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडे धावत निघाला. दुसऱ्या हाताने त्याने वाटभर तिच्या गळ्यातली घंटा धरून ठेवली होती. ते पाहून हेमाताईंना प्रथम भीती वाटली. त्यांनी आपला जबडा उघडून पाहिला, मिटून पाहिला, पुन्हा उघडून पाहिला. दवाखाना येईपर्यंत त्या तेच करत होत्या.

डॉक्टरांनी जखम उघडून धुतली आणि विचारले, “लस घेतलेली आहे?”

“घोड्यांनी घेतलीय,” हेमाताई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटले, बाईंना भ्रम झाला. मग त्यांना हसू आले, कारण ते बोलणे अगदीच गैरलागू नव्हते. त्यांनी एक कुपी काढली. “तुम्ही जंतुशास्त्राच्या, तुम्हाला काय सांगायचं? घोड्याला पुन्हापुन्हा टोचतात, त्याच्या रक्तात रोगाचा उतारा तयार होतो, आणि त्या रक्तातला हा रस. आज एका घोड्याचं संरक्षण तुम्ही उसनं घेताय. दोन-तीन आठवडे टिकेल. अंगावर पित्त उठेल. पुढल्या खेपेला हे सोसेलच असंही नाही. तेव्हा तुमची स्वतःची लस आता सुरू करा. आज पहिली, महिन्याने दुसरी.”

हेमाताईंनी दोन्ही टोचून घेतले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. रात्री गुरुदत्तांनी विचारले, “घाबरलीस?”

“नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, “जरा बोला ना माझ्याशी. मला उत्तर देता येतंय का, ते बघायचंय.”

दातखीळ बसली नाही. आठवड्याने अंगभर पित्ताच्या गांधी मात्र उठल्या. डोळे सुजून बारीक झाले. त्या अवस्थेत त्र्यंबकराव आणि प्रभाकरपंत संत्री घेऊन समाचाराला आले. कुपीतला रस घोड्याचा होता, हे कळताच त्र्यंबकराव खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“प्रभाकरपंत, लिहून घ्या! घोडा टोचल्याने माणूस वाचतो! वहिनी, आपला ठराव अक्षरशः खरा ठरला. नवी पाटी करू.”

“तो घोडा आपला नव्हता,” हेमाताई सुजलेल्या ओठांतून म्हणाल्या.

“घोडा तो घोडा. तुम्ही आता विश्रांती घ्या, बाकीचं आयत्या वेळी—”

“आधी माझं ‘पण’ लिहा!”

हा आवाज एवढा मोठा होता की स्वयंपाकघरात गुरुदत्तांच्या हातून भांडे निसटले. हेमाताई उठून बसल्या आणि त्यांनी सगळे सांगितले. टोचल्याने घोडा वाचतो, लीद नाही. रस्ता झाडूनच स्वच्छ होतो. आणि माणसाला धनुर्वात नको असेल तर माणसानेच टोचून घेतले पाहिजे, दोन्ही वेळा. सुरुवात संघाच्या कार्यकारी मंडळापासून व्हावी. प्रभाकरपंतांनी शब्दन् शब्द लिहिला. त्यांना या वेळी मोती ओवायला सवड देण्यात आली होती.

सखुबाईच्या हाती टोपली परत आली. पुढच्या सभेत माणसांच्या लशीचा ठराव टाळ्यांच्या गजरात, एकमताने मंजूर झाला. मग दंड पुढे करण्याची वेळ आली. प्रभाकरपंतांच्या घरी लग्न होते. खजिनदारांना दंड सुजला तर जमाखर्च लिहिण्याची चिंता होती. एका सभासदांनी अमावस्या जवळ आल्याचे निदर्शनास आणले. त्र्यंबकराव म्हणाले की आपण खातो, पितो, पहाटे फिरायला जातो. जो माणूस आजारी नाही, त्याला औषध कशाला? ही कारणे अज्ञानमूलक असल्याचा शेरा दप्तरात तयारच होता, परंतु तो टांगेवाल्यांच्या नावे असल्यामुळे वापरता आला नाही. माणसांच्या लशीसाठी स्वतंत्र उपसमिती नेमण्यात आली.

हेमाताईंना या सर्वांचा मनस्वी संताप आला. महिना असा संतापण्यातच गेला.

एका सकाळी दारापुढे घंटा वाजली. भिवा टांगा घेऊन आला होता. चंपीच्या गळ्यात निळा बिल्ला घासूनपुसून लखलखत होता.

“बाय, चला. डाक्टरनी आजच बोलवलंय ना तुमाला, दुसऱ्या सुईला? मीच उभा व्हतो तवा तिथं.”

हेमाताई हाताला लागलेले पीठ पुसत बाहेर आल्या. पाय बरा झाला होता. गांधी कधीच उतरल्या होत्या. घरात चैत्राच्या हळदीकुंकवाची तयारी चालू होती.

“अरे भिवा, आज कसं जमेल? संध्याकाळी पंचवीस बायका यायच्या. आंब्याची डाळ वाटायचीय, करंज्या व्हायच्यात. दंड दुखला तर वाटण कोण करील? चार दिवसांनी जाईन मी. म्हणजे, नक्की जाईन. आता खिळाही नाही, काही नाही.”

भिवाने मान डोलावली. त्याने वाद घातला नाही. उलट त्याला ते सगळे पटल्यासारखे दिसले.

“बराबर हाय, बाय,” तो चंपीची मान थोपटत म्हणाला. “हिला पन अशीच कारनं सुचली असतील. बोलता येत नाय, म्हनून टोचून घेतलंन.”

टांगा वळला. हेमाताई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. चंपी दूर जाईपर्यंत तिच्या घंटेचा आवाज मोकळेपणाने येत होता.

माणसांच्या लशीच्या उपसमितीचे काम अद्याप चालू आहे. उपसमिती नागरिकांच्या अडचणी सहानुभूतीने नोंदवून घेत आहे. वाचकांपैकी ज्यांना बोलता येते, त्यांनीही आपले कारण कळवावे. आपला दंड शेवटचा कधी पुढे केला होता हे आठवत नसल्यास, तसे लिहिले तरी चालेल.